वरणातली गोळी

सिंहगड रस्त्यावरून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळून देते.

"ताई, मुलगा २९ वर्षांचा, इंजिनिअर. हिंजवडीत चांगली नोकरी होती. चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनिया निघाला. शेजारचे जेवणात काहीतरी मिसळतात म्हणायचा, बाहेरचं-घरचं काहीच खायचा नाही. औषधांनी सावरला. यंदा गोळ्या सोडल्या आणि पुन्हा ॲडमिट करावं लागलं. डिस्चार्ज मिळून तीन महिने झाले. आता शांत आहे, पण गोळी म्हटलं की तोंड फिरवतो. म्हणून मी ती कुटून वरणात घालते. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. रात्री दोन-तीनदा उठून तो झोपलाय का बघते. हे दिवसभर घरात असतात, 'एवढा शिकवला तो घरात बसायला का' हे रोजचं चालू असतं.

हॉस्पिटलमधल्या एक सिस्टर दर आठवड्याला फोन करतात. माझ्याशी कमी आणि त्याच्याशीच जास्त बोलतात. 'तुला काय करावंसं वाटतं' असं त्याला विचारतात. मला म्हणतात, त्याला एकट्याला बसने पाठवा, हातात पैसे द्या. परवा बोलता बोलता माझ्या तोंडून वरणाचं निघून गेलं, तर म्हणाल्या, 'हे उद्यापासून बंद करा.' त्या रात्री मला झोप नाही. डॉक्टर असलं काही बोललेले नाहीत. सिस्टरनी इंजेक्शन द्यावं, बीपी बघावं. असले सल्ले द्यायचा त्यांना काय अधिकार? हे म्हणतात, सिस्टर बदलून मागू. नणंद म्हणते लग्न लावून द्या, आपोआप मार्गी लागेल, स्थळही आणलंय. तो पूर्ण बरा होईल का, एवढं तरी सांगा."

नमस्कार ताई. तुमच्या मुलाला इथे मंदार म्हणू.

आधी हे सांगते की सिस्टर बदलून मागू नका. डिस्चार्जनंतर आठवणीने फोन करणारी आणि पेशंटबद्दल पेशंटशीच बोलणारी सिस्टर सहजासहजी मिळत नाही. बहुतेक ठिकाणी असे फोन करायला तिला ड्युटीत वेगळा वेळही मिळत नाही. ती तो कुठून तरी काढते. वरणाच्या बाबतीत तिचं म्हणणं बरोबर आहे. फक्त 'उद्यापासून' हे मला पटलेलं नाही.

या आजाराची गोळी डॉक्टरांशी न बोलता एका दिवसात बंद करायची नसते, मग ती वरणातून जाणारी का असेना. डॉक्टर भेटेपर्यंतचे एक-दोन दिवस आहे तसं चालू दे, त्याहून जास्त नाही. तुम्ही एकट्या जा आणि त्यांना सगळं सांगा: कुठल्या गोळ्या, कधीपासून, कुठल्या दिवशी त्याने वरण तसंच टाकलं. त्यांच्या केसपेपरवर आज 'औषधं नियमित' असं लिहिलेलं असणार, आणि त्यावर विसंबून ते पुढचा डोस ठरवताहेत. अर्धी वाटी वरण ताटात राहिलं म्हणजे अर्धा डोस ताटात राहिला, हे त्यांना माहीत नाही. रागावतील कदाचित. रागावू देत. असं करणाऱ्या तुम्ही पहिल्या आई नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं.

आता वरणाचं. आजारात मंदारला वाटायचं की जेवणात कुणीतरी काहीतरी मिसळतंय. आज त्याच्या जेवणात खरोखरच कुणीतरी काहीतरी मिसळतंय. ज्या दिवशी त्याच्या जिभेला कडू लागेल, किंवा खलबत्त्याच्या तळाशी पांढरी पूड दिसेल, त्या दिवशी तुम्ही, डॉक्टर आणि सिस्टर सगळे एका बाजूला आणि तो एकटा दुसऱ्या बाजूला. मग 'अरे, हा तुझा संशय आहे' हे त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? मला तुमची सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती इथेच. गोळ्या एकदा सुटल्या तर पुन्हा सुरू करता येतात. आईच्या हातचं जेवण एकदा संशयात गेलं की ते परत मिळवायला वर्षं जातात.

बाकीचे तोटेही आहेत. सगळ्या गोळ्या कुटण्यासारख्या नसतात. नावापुढे 'एसआर', 'ईआर' किंवा 'एक्सआर' असेल तर ती पोटात हळूहळू विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. दुपारी गुंगी का येते, हात का थरथरतात, पँट कमरेला घट्ट का झाली, याचा मंदारला पत्ताच नसणार. गोळी आपल्या पोटात जाते हेच ज्याला माहीत नाही, तो तिचा त्रास डॉक्टरांना सांगणार कसा? आणि तुम्ही चार दिवस गावाला गेलात की औषध बंद.

तुमच्या पत्रात सगळं आहे, पण मंदार गोळीला नको का म्हणतो, हे कुठेच नाही. मला वाटतं सिस्टर आठवड्याच्या फोनवर हेच शोधतेय. कारणं बहुधा अगदी साधी असतात. अंग आखडतं. लाळ गळते. सकाळी दहापर्यंत डोळे उघडत नाहीत. काहींना एका जागी बसवतच नाही, पाय सतत हलवत राहावेसे वाटतात; घरच्यांना वाटतं आजार वाढला, पण अनेकदा तो औषधाचाच परिणाम असतो. काही औषधांनी लैंगिक इच्छा कमी होते. २९ वर्षांचा मुलगा हे आईला सांगेल? यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. डोस कमी करणं, वेळ रात्रीवर नेणं, औषधच बदलणं. रोजची गोळीच नको असेल तर काही औषधं दोन किंवा चार आठवड्यांतून एकदा इंजेक्शनने घेता येतात. मात्र तो पर्याय त्याच्यापुढे पर्याय म्हणूनच ठेवा. 'गोळ्या घेतल्या नाहीस तर सुई टोचायला लावीन' असं एकदा जरी कुणी म्हणालं तरी तो मार्ग बंद झाला म्हणून समजा.

माझी सगळी नोकरी मनोविकारांच्या वॉर्डात गेली, तिथली एक गोष्ट सांगते. रात्री औषधांची ट्रॉली फिरायची. हातावर गोळ्या, स्टीलच्या पेल्यात पाणी, गिळलं की 'आ करा, जीभ वर करा'. एक बाई गोळी गालात दडवण्यात इतक्या तरबेज होत्या की चादरी बदलताना त्यांच्या उशीच्या अभ्र्यातून मूठभर गोळ्या निघाल्या. ड्युटीवरच्या मावशी ओरडल्या. नव्याने लागलेली एक सिस्टर होती, तिने स्टूल ओढलं, गोळ्या त्यांच्यासमोरच पांढऱ्या आणि पिवळ्या अशा वेगळ्या केल्या आणि विचारलं, "यातली कुठली नको वाटते?" बाईंनी पांढरीवर बोट ठेवलं. "ही घेतली की हात कापतो. भाकरी थापताना काठाला फाटते. मी भाकऱ्या विकून पोट भरते, फाटकी भाकरी कोण घेईल?" सिस्टरने ते रिपोर्टच्या वहीत त्यांच्याच शब्दांत लिहिलं आणि सकाळच्या राऊंडला डॉक्टरांना वाचून दाखवलं. औषध बदललं. पुढच्या आठवड्यात सिस्टर त्यांना वॉर्डाच्या किचनमध्ये घेऊन गेली आणि परातीत पीठ घेऊन भाकरी थापायला लावली. हात थांबलाय का हे बघायचं होतं ना! अभ्र्यात त्यानंतर काही सापडलं नाही.

तुम्ही विचारलंत ना, सिस्टरला काय अधिकार? निदान करायचा नाही, औषध लिहून द्यायचा किंवा बंद करायचा नाही. 'उद्यापासून बंद' म्हणताना ती या रेषेच्या किंचित पलीकडे गेली. पण औषध माणसाला कसं मानवतंय, तो झोपतो कधी, जेवतो किती, कशाला घाबरतो आणि घरी जाऊन त्याला काय करायचंय, हे जाणून घेणं हे तिचंच काम, आणि तिला त्याचंच शिक्षण मिळालेलं असतं. नर्सिंगमध्ये मनोविकार परिचर्येचा वेगळा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही अशा परिचारिकेची वेगळी व्याख्या आहे. हिल्डगार्ड पेपलाऊ नावाच्या अमेरिकन परिचारिकेने १९५२ मध्येच मांडलं होतं की परिचारिका आणि पेशंट यांचं नातं हा उपचाराचाच भाग आहे. आपल्याकडे मात्र 'येरवड्याला पाठवू का' ही थट्टा अजून चालते. तिथलं मनोरुग्णालय शंभरी ओलांडलेलं, २५४० खाटांचं, आणि लोकांच्या डोक्यात मनोरुग्णांची सिस्टर म्हणजे अजून कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली बाई. तुम्हाला फोन करणारी सिस्टर तो जुडगा मंदारच्या हातात देऊ बघतेय, एकेक किल्ली करून. तुम्हाला त्याची धास्ती वाटणं साहजिक आहे.

पूर्ण बरा होईल का? तारीख कुणीच देऊ शकत नाही, म्हणून डॉक्टर या प्रश्नावर मोघम बोलतात. पण मोघम उत्तराचा अर्थ 'नाही' असा घेऊ नका. अमेरिकेत व्हर्मांट राज्यातल्या सरकारी मनोरुग्णालयात मागच्या वॉर्डांत वर्षानुवर्षं पडून असलेले २६९ पेशंट होते, ज्यांच्याबद्दल सगळ्यांनी आशा सोडली होती. १९५० च्या दशकात त्यांना राहायला जागा, काम आणि सोबत देत हळूहळू बाहेर आणलं गेलं. कोर्टनी हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ३२ वर्षांनी या लोकांना शोधून काढलं. १९८७ मध्ये निष्कर्ष छापून आले: निम्मे ते दोन तृतीयांश लोक एकतर बरे झाले होते किंवा खूपच सुधारले होते. पॅट्रिशिया डिगन यांना तर किशोरवयातच स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. पुढे त्या चिकित्सा मानसशास्त्रात डॉक्टरेट झाल्या आणि पेशंटला स्वतःच्या उपचारात बोलता आलं पाहिजे यासाठी आयुष्यभर झटल्या. मधूनमधून आवाज ऐकू येतात, रात्रीची गोळी चालू आहे, आणि सकाळी डबा घेऊन कामाला जातात, अशी माणसं मी पुण्यातच पाहिली आहेत. मंदारची सिस्टर आधी सगळी लक्षणं जाऊ देत, मग जगणं सुरू करू, असं म्हणत नाही. दोन्ही एकदमच सुरू करायचं म्हणते. आजचा जाणकारांचा कलही तसाच आहे.

यात घराचा वाटा मोठा असतो, आणि इथे तुम्हाला थोडं बोचेल असं बोलणार आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि नंतर ज्युलियन लेफ यांच्या अभ्यासांत दिसलं की डिस्चार्जनंतर ज्या घरांत सतत टीका असते, राग असतो किंवा जिवापाड काळजी असते, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त. हो, काळजीसुद्धा. आणि अशा घरात पेशंट आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ त्या माणसांच्या समोर असेल तर धोका आणखी वाढतो. तुमच्या घरात मंदार चोवीस तास वडिलांच्या शब्दांत आणि तुमच्या नजरेत आहे. १९८० च्या दशकात चंदीगडमध्येही असाच अभ्यास झाला. तिथल्या कुटुंबांत टीका लंडनपेक्षा बरीच कमी आढळली. म्हणजे आपल्या घरांना हे मुळीच अवघड नाही.

यजमानांना गप्प बसा असं सांगून उपयोग नाही, ते बसणार नाहीत. त्यांना एवढंच सांगा की बोलायचं ते एका वेळी एकाच गोष्टीबद्दल, आणि ती आजची असावी. 'अंघोळ दहाच्या आत आटप, मला गीझर बंद करायचाय' हे चालेल. 'एवढा शिकवला' हे नाही. त्यावर मंदारने करायचं तरी काय? मनातून खचलेले आहेत ते, दुसरं काही नाही. पुढच्या फॉलोअपला त्यांनाही न्या आणि सिस्टरजवळ दहा मिनिटं बसवा. बायकोचं न ऐकणारे पुरुष पांढऱ्या कपड्यातल्या बाईचं ऐकतात, हा माझा जुना अनुभव आहे. तुम्ही रात्रीचं उठणं आधी एकावर आणा, मग बंद करा. दार किलकिलं होतं तेव्हा तो जागा असतो. सांगत नाही इतकंच.

बस आणि पैसे हे ३५ तासांचंच उत्तर आहे. तुमच्या बाजूलाच धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था आहे. कॅनडात प्राध्यापक राहिलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. पेशंटसाठी दिवसभराचं पुनर्वसन आणि पेशंट व त्यांच्या घरच्यांचे स्वमदत गट हे तिचं काम. आधी फोन करून वेळ विचारा आणि मंदारला म्हणा, एकदा बघून ये, आवडलं तर ठरव. शंभर रुपये द्या, हिशेब मागू नका. पहिल्या दिवशी त्याच्या मागच्या बसने वडिलांनी गुपचूप जायचं नाही. (वडील जातात. मी पाहिलेत.) तो तिथे न जाता मंडईत भटकून आला तरी हरकत नाही, घराबाहेर तर पडला.

गोळीचं मंदारला सांगायचं कसं, हे डॉक्टर आणि सिस्टर दोघांना बरोबर घेऊन ठरवा. घरी, रागाच्या भरात किंवा जेवताना मुळीच नको. सांगायचं मात्र खरं, आणि ते तुम्ही सांगायचं: "मी घाबरले होते म्हणून वरणात घातली, आता घालणार नाही, तुझ्या गोळ्या तुझ्या हातात." तो चिडेल. दोन दिवस जेवणार नाही, किंवा बाहेरून मागवून खाईल. खाऊ दे. त्याच्यासमोर कुकर उघडा, एकाच भांड्यातून सगळ्यांना वाढा. गोळ्या त्याने स्वतः आठवड्याच्या डबीत भरायच्या. सुरुवातीला सिस्टरने फोनवर विचारायचं, तुम्ही नाही. एखादी चुकली तर बोभाटा नको. सलग चुकायला लागल्या तर त्याला सांगून डॉक्टरांना कळवायचं. सांगून, हे महत्त्वाचं.

आणि तो बरा आहे तोवरच त्याच्याबरोबर बसून एक कागद लिहा, त्याच्या शब्दांत. बिघडायला लागतं तेव्हा आधी काय होतं? झोप उडते, की पडदे ओढले जातात, की घरचं जेवण बंद होतं? त्या वेळी कुणाला फोन करायचा, कुठल्या हॉस्पिटलला जायचं, कुठलं औषध मागच्या वेळी सोसलं नव्हतं? २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सज्ञान माणसाला हे रीतसर लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. आपल्या वतीने बोलायला कुणाला तरी नेमताही येतं. तो कदाचित तुमच्याऐवजी बहिणीचं किंवा मित्राचं नाव देईल. वाईट वाटून घेऊ नका.

दोन-तीन रात्री सलग झोप नाही, अन्नपाणी बंद, किंवा जीव देण्याची भाषा, यातलं काहीही दिसलं तर फोनची वाट बघायची नाही. डॉक्टरांना गाठायचं, नाहीतर सरळ ससूनला न्यायचं. नुसतं कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो तुमच्यासाठीही आहे. वॉर्डात आम्हाला तीन पाळ्या होत्या, ड्युटी संपली की चार्ज पुढच्या सिस्टरच्या हातात देऊन घरी जाता यायचं. तुम्ही तीन महिने तिन्ही पाळ्या एकटीने करताय. यातली एक यजमानांना द्या, एक मंदारला स्वतःलाच द्या. आणि स्वतःचं बीपी तपासून घ्या. पत्रातलं अक्षर पाहूनच सांगतेय.

राहिलं स्थळ. लग्न हे औषध नाही, आणि आजार लपवून केलेलं लग्न कोर्टात रद्द ठरू शकतं, हे नणंदबाईंना स्पष्ट सांगा. त्याला कधी लग्न करावंसं वाटलं तर तो करेल, मुलीला सगळं सांगून. आजार असलेल्यांची चांगली लग्नं मी पाहिली आहेत. पण हे स्थळ येऊन गेलंय हे मंदारला कुणी सांगितलंय का? तुमच्या पत्रावरून तरी तसं वाटत नाही. नणंदेला नकार कळवायच्या आधी त्याला सांगा, तो काय म्हणतो ते ऐका, आणि मग फोन करा.